अकरा वाजून चार मिनिटांची संमती

प्रिय शेंडेफळा,

वरचं ‘प्रिय’ सवयीने लिहिलं गेलं आहे, त्याच्या भरवशावर राहू नकोस. गेले दहा दिवस तू माझा फोन उचलत नाहीस. निरोप पाठवला की उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवतोस. परवा दुकानात आले तर गिऱ्हाइकांदेखत ‘ताई, बस ना, दोनच मिनिटं’ असं गोड बोलून मला आरशासमोरच्या स्टुलावर बसवलंस आणि मागच्या दाराने जेवायला सटकलास. पाऊण तास मी चष्म्यांच्या रिकाम्या फ्रेमा बघत बसले होते. शेवटी तुझ्या बायकोने ‘ते आता येणार नाहीत’ असं सांगितलं, आणि तुझ्यासाठी खोटं बोलून बोलून ती किती कंटाळली आहे ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. म्हणून हे पत्र तिच्याच हातात देते आहे. ती तुला वाचायला लावेल आणि निम्म्यात सोडलंस तर मला कळवेल. दिवसभर लोकांना भिंतीवरची बारीक अक्षरं वाचायला लावून तू पोट भरतोस, एवढी चार पानं तुला जड जाऊ नयेत.

आधी आईची हकिकत, कारण शनिवारी येतोस तेव्हा तू तिच्याकडे बघत नाहीस, तिच्या फोनकडे बघतोस. आईने गाडी सोडली त्याला उद्या तीन आठवडे होतील. ‘जरा विश्रांती घेते आहे’ असं ती तुला म्हणाली आणि तू ते मानलंस, कारण मानणं सोयीचं होतं. विश्रांतीबिश्रांती काही नाही. आपली स्मरणशक्ती चालली आहे अशी तिची खात्री पटली आहे. स्वयंपाकघरातल्या कपाटांची दारं एकदा उघडून बघ. आतल्या बाजूला तिने कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आहेत, आपल्याला दिसू नयेत म्हणून आतल्या बाजूला. मीठ. साखर. औषधं, जेवणानंतर. उशीखाली एक वही आहे. तिच्यात ती लिहिते: सात वाजता दूध तापवलं, गॅस बंद केला, पुन्हा जाऊन पाहिलं, बंद आहे. दारावर थाप पडली की आधी वही उशीखाली जाते, मग ती दार उघडते. आईला घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आता रोज पाहते.

आणि ही कोण बाई, याचा तुला विसर पडला असेल तर सांगते. बाबा गेल्यावर हिने चाळिसाव्या वर्षी गाडी शिकून घेतली आणि दोन वर्षांत दुसऱ्यांना शिकवायला लागली. एकोणीस वर्षं ती शेजारच्या सीटवर बसली, पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक ठेवून. शिकायला येणाऱ्यांची नावं ती लक्षात ठेवत नसे, त्यांच्या खोडी ठेवायची. क्लच सोडताना डोळे मिटणाऱ्या बाई. प्रत्येक वळणावर समोरच्या गाडीची माफी मागणारे प्राध्यापक. त्या बाई दहा वर्षांनी बाजारात भेटल्या तर हिचा पहिला प्रश्न, ‘काय हो, आता डोळे उघडे असतात ना?’ आपल्या दोघांनाही तिनेच शिकवलं. मला सहा आठवडे लागले, तुला चौदा, कारण तू आरशात फक्त स्वतःचा भांग बघायचास.

तर त्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्यांच्या विम्याबरोबर शिक्षकांसाठी एक फुकटचं अ‍ॅप आलं. स्मरणशक्तीचे खेळ. चित्रांच्या जोड्या लावा, आकडे उलटे म्हणा, असली करमणूक. आईला ते आवडलंही. लायसन्सच्या परीक्षेच्या मैदानाबाहेर तिची शिकाऊ माणसं पाळीची वाट बघत थांबलेली असायची, तेव्हा ती बाकावर बसून खेळायची. तिच्या माणसाचा नंबर पुकारला की फोन तसाच पिशवीत टाकायची आणि धावायची. पिशवीतला खेळ मात्र चालूच. वेळ संपली, उत्तर नाही. पुन्हा वेळ संपली, उत्तर नाही. असे एकशे बारा खेळ तिने अर्धवट टाकले, आणि अ‍ॅपच्या लेखी ती एकशे बारा वेळा उत्तर विसरली. चार महिन्यांनी विमा कंपनीने स्कूलच्या मालकाला पत्र पाठवलं, की या शिक्षिकेच्या स्मरणशक्तीबद्दल शंका आहे, डॉक्टरांचा दाखला येईपर्यंत त्या गाडीत असताना विमा लागू राहणार नाही.

ते पत्र आलं तेव्हा आई काय पेटली होती! ‘माझे खेळातले मार्क या लोकांना सांगितले कोणी? मी सांगितले? कधी सांगितले?’ मालकाला तिने सुनावलं, मला सुनावलं, आणि दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन विमा कंपनीच्या ऑफिसात गेली. काउंटरवरचा माणूस सभ्य होता. त्याने आमच्यासाठी नोंद शोधली आणि स्क्रीन आमच्याकडे वळवला. मंगळवार, सकाळी अकरा वाजून चार मिनिटं. माहिती देण्यास संमती: होय. फोनवर आलेला सहा आकडी कोड टाकून खात्री केलेली. ‘तुम्हीच परवानगी दिली आहे, मॅडम,’ तो म्हणाला. आईने ते दोनदा वाचलं. भांडायला आलेली बाई माझ्या डोळ्यांदेखत खुर्चीत मागे सरकली. ‘दिली असेन,’ ती म्हणाली, ‘मला अजिबात आठवत नाही.’ आणि उगाच वेळ घेतला म्हणून तिने उलट त्याचीच माफी मागितली. त्याच संध्याकाळी गाडीची किल्ली मालकाच्या टेबलावर नेऊन ठेवली. मी म्हटलं, अगं, दाखला तर आणू. ती म्हणाली, कोड वाचायचा, टाकायचा, होय म्हणायचं आणि सगळंच साफ विसरायचं, याच्यावर आणखी दाखला कसला आणायचा.

आता तो मंगळवार. मी माझे जुने निरोप उकरून काढले. आदल्या दिवशी आईचा फोन मैदानावर पडून फुटला होता. नवा आणला, आणि जुन्यातलं सगळं नव्यात आणून द्यायला तू तो बुधवारपर्यंत दुकानात ठेवून घेतलास, कारण घरातल्या प्रत्येक यंत्राला फक्त तुझाच हात लागला पाहिजे असा आपल्याकडे नियमच आहे. मंगळवारी दहा अठ्ठावन्नला मी मालकाच्या नंबरवर लिहिलं आहे, ‘आईला सांगा, तिचा फोन आज धाकट्याकडेच राहील.’ म्हणजे कोड आला तो तुझ्या हातात, आणि टाकलास तूच. तुला विचारलं तेव्हा तू जे बोललास ते शब्दाला शब्द लिहिते, उगाच नंतर कानांवर हात ठेवायला नकोत: ‘असेल गं ताई. वीस अ‍ॅप होती, सगळीकडे पुढे पुढे करत गेलो. सगळेच करतात. आईला नको सांगूस, उगाच चिडेल.’

चिडेल! अरे, ती एकदा चिडावी म्हणून मी देव पाण्यात घालून बसले आहे. बटण दाबलंस त्याचा मला राग नाही, खरंच नाही, वीस अ‍ॅपच्या गडबडीत कोणीही दाबलं असतं. पण विचारल्यावर तुला दोन क्षणांत आठवलं, आणि त्यानंतर दोन शनिवार तू तिच्यासमोर बसून चहा प्यायलास. तिने एक दिवस आरडाओरडा केला असता, एवढंच तुला सोसायचं होतं. ते वाचवायला तू तिला तिच्याच डोक्यावर संशय घेत बसू दिलंस. वर तिचा हात हातात घेऊन काय म्हणालास? ‘आई, वयच झालं आता, चालायचंच.’ हे मला तिने सांगितलं, आणि कौतुकाने सांगितलं. किती समजून घेतो म्हणाली. त्या क्षणी तू समोर असतास तर मी काय केलं असतं ते इथे लिहीत नाही, पत्र तुझी बायको आधी वाचणार आहे.

एवढं वाचून तू म्हणशील, ताई, तू कोण मोठी लागून गेलीस. बरोबर आहे. तेही लिहिते. काउंटरवरच्या माणसाने स्क्रीन वळवला तेव्हा नोंदीच्या शेजारी एक छोटं चित्र होतं, संमती देताना माणसाच्या समोर फोनवर जो पडदा होता त्याचं. वर हसणारी आजी आणि तिचा नातू. मध्ये ‘तुमची काळजी घेण्यासाठी आम्हाला मदत करा’. खाली ऐसपैस हिरवं ‘पुढे चला’, आणि त्याच्याही खाली फिकट करड्या अक्षरांत ‘पर्याय पाहा’. तो पडदा मी केलेला आहे. आमच्या कंपनीत दुसऱ्यांच्या अ‍ॅपसाठी असले पडदे बनतात. काम कोणाचं आहे ते आमच्यापर्यंत येत नाही, फक्त काय हवं ते येतं. मी तो पाहताक्षणी ओळखला. आई ‘मला आठवत नाही’ म्हणाली तेव्हा मी तिच्या शेजारच्या खुर्चीत होते, आणि मूग गिळून बसले. तिथेच बोलले असते तर ती किल्ली कदाचित तिच्या पर्समध्येच राहिली असती.

पहिल्यांदा मी तो पडदा नीट केला होता. तीन साधी वाक्यं, आणि ‘कळवा’, ‘कळवू नका’ अशी एकाच मापाची दोन बटणं. शंभर जणांना दाखवला तर त्रेसष्ट जण ‘कळवू नका’ म्हणाले. आमच्या मुख्य, ज्यांना सगळे पाठीमागे हेडबाई म्हणतात, मला म्हणाल्या की लोक घाबरताहेत, जरा मऊ कर. मी एका दुपारी मऊ केला. विमा हा शब्द ‘पर्याय पाहा’च्या पलीकडे चौथ्या पानावर नेला. आजी आणि नातू आणले. ‘कळवू नका’ काढून त्या जागी आलेल्या ‘पर्याय पाहा’ला शोधून शोधून असा रंग लावला की चाळिशीपुढच्या डोळ्यांना तो जेमतेम दिसावा. पुढच्या शंभरांत एक्क्याण्णव हो. मीटिंगमध्ये लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या संध्याकाळी मी आईसाठी फुलं घेऊन गेले होते, आठवतं? तू होतास. कशाबद्दल म्हणून तिने विचारलं, तर मी म्हटलं, एक अवघड गोष्ट सोपी केली.

सध्या मी तोच पडदा पुन्हा करते आहे. कोणी सांगितलेलं नाही, हेडबाईंनी ‘बघू’ म्हटलं आहे आणि त्यांचं ‘बघू’ म्हणजे काय ते ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी मी रोज दुपारी खालच्या मजल्यावरच्या छोट्या खोलीत एकेका माणसाला बसवते, पडदा दाखवते, मग झाकते आणि विचारते, तुम्ही आत्ता कशाला हो म्हणालात ते तुमच्या शब्दांत सांगा. सांगता आलं नाही तर चूक माझी, पुन्हा लिहायचं. आतापर्यंत नऊ वेळा लिहिला. आता तो असा आहे: ‘तुम्हाला खेळात किती गुण मिळाले आणि किती खेळ तुम्ही अर्धवट सोडले, हे आम्ही तुमच्या गाडीचा विमा उतरवणाऱ्या कंपनीला सांगू. त्यावरून ती कंपनी तुम्हाला विमा नाकारू शकते. तुम्ही नाही म्हणालात तरी खेळ चालू राहतील.’ परवा एका माळ्याला बसवलं होतं. पडदा झाकल्यावर तो म्हणाला, ‘म्हणजे माझी प्रगतिपुस्तकं तुम्ही परस्पर गाडीवाल्यांना दाखवणार. नको बाई.’ मला त्याला कडकडून मिठी मारावीशी वाटली. आणि सगळ्यांत वर मी एक ओळ घातली आहे, तुझ्या कृपेने: ‘हा फोन तुमचा नसेल, तर इथे थांबा आणि ज्याचा आहे त्याच्या हातात द्या.’ हेडबाई हसल्या, म्हणाल्या, असं वाचून थांबणार कोण? मी म्हटलं, माझा भाऊ तर नक्कीच नाही.

हे सगळं तुला कशाला, असं तुझ्या मनात आलं असेल. थांब. रविवारी मी आईला सगळं सांगितलं. आधी माझं. माझ्या फोनवर तिला तो जुना पडदा दाखवला. तिने चष्मा लावला, फोन लांब धरला, जवळ धरला, आणि विचारलं, ‘यात नाही कुठे म्हणायचं गं?’ ‘तूच शोध’ म्हटल्यावर बराच वेळ शोधत राहिली. सापडेना तेव्हा फोन परत देऊन म्हणाली, ‘रंग मात्र छान लावलेस.’ मी रडले. तिनेच मला पाणी दिलं, आणि पाणी दिल्याचं वहीत लिहिलं. मग मी तुझं सांगितलं. तो दहा अठ्ठावन्नचा निरोप दाखवला. तिने तो वाचला आणि म्हणाली, ‘मग मी मधेच त्याच्या दुकानात जाऊन आले असेन. बघ, तेही गेलं डोक्यातून.’

मी आवाज चढवला. तिने नाही चढवला. ‘तो असं करून मला सांगितल्याशिवाय राहील का?’ म्हणाली. आणि मग, बाळा, तिने मला माझीच एक गोष्ट ऐकवली. मी नऊ वर्षांची, तू चार. रेडिओचा खटका मी मोडला आणि तुझं नाव सांगितलं. बाबा दाढी करत होते, अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून बाहेर आले आणि तुला दोन रट्टे बसले. दोन दिवसांनी फ्रॉक धुताना तो खटका तिला माझ्या खिशात सापडला. निळा फ्रॉक, डाव्या खिशाची शिवण उसवलेली. तीस वर्षं तिने हे मला कळू दिलं नव्हतं, आणि आता काढलं ते एवढंच सांगायला, की ‘तू त्याच्यावर ढकलतेस हे मला नवीन नाही.’ मी अक्षरशः ओरडले, की अगं, साबण कुठल्या गालाला होता तेसुद्धा सांगशील तू, आणि म्हणे तुला आठवत नाही! ती म्हणाली, जुनं राहतंच, नवीन तेवढं जातं, मी वाचलं आहे. माझ्या तोंडून ती हे मानणार नाही.

म्हणून तुला लिहिते आहे, नाहीतर तुझं तोंड बघायची माझी इच्छा नव्हती. गुरुवारी साडेदहाला ती डॉक्टरांकडे जाणार आहे. दाखला मागायला नाही, गोळ्या सुरू करा म्हणून सांगायला. मला येऊ नको म्हणाली, तुला घेऊन जाणार आहे. मी त्या दवाखान्यात चौकशी केली. तिथे पेशंटला बाहेर बसवतात आणि सोबत आलेल्या माणसाला आधी आत बोलावून विचारतात, यांचं विसरणं तुमच्या लक्षात कधी आलं. ते तुला विचारतील, आणि तू जे सांगशील ते ती आणि डॉक्टर दोघंही खरं मानतील. तोपर्यंत थांबू नकोस. बुधवारी संध्याकाळी दुकान बंद करून तिच्याकडे ये, तिच्या फोनला हात लावू नकोस, समोर बस आणि सांग, ‘आई, त्या मंगळवारी संमती मी दिली, तुला न विचारता दिली, आणि कळल्यावरही गप्प बसलो.’ मी येणार नाही. मी दिसले तर तिला वाटेल मीच तुला पढवून आणलं. हे पत्रही वाचून झालं की फाडून टाक, मी लिहिल्याचा तिला संशयसुद्धा येता कामा नये. तिने विचारलंच, तर सांग, ताईशी माझं बोलणं बंद आहे. ते खरंच आहे.

तुझीच,
ताई